नांगराची साखळी कुठे ठेवावी?

आमच्या मुकुटबनात पुष्कळ गोष्टी आहेत. काळी जमीन आहे, कापूस आहे, तूर आहे. जमिनीच्या पोटात चुनखडी आहे, आसपास दगडी कोळसा आहे. आगगाडीचे स्टेशन आहे आणि अलीकडे सिमेंटचा मोठा कारखानाही आहे. समुद्र तेवढा नाही. नकाशावर फूटपट्टी ठेवून पाहिले, तर मुंबईचा किनारा सहाशे किलोमीटरांच्या पलीकडे भरतो. बंगालचा उपसागर त्या मानाने जवळ, पण तोही चारशेच्या पुढेच. आमच्याकडे पडलेला पाऊस पैनगंगेला मिळतो, पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहितेच्या हाताला धरून ते पाणी गोदावरीतून समुद्राला जाते. आमच्या गावचे पाणी असे वर्षातून एकदा समुद्रावर जाते. गावची माणसे मात्र फारशी जात नाहीत.

अशा गावी बसून शिडाच्या होडीतील नांगराची साखळी कुठे व कशी ठेवावी याविषयी दिवाळी अंकात लिहिणे, हे कोणाला वाळवंटात छत्र्या विकण्यासारखे वाटेल. वाटो बापडे. माझी बाजू एवढीच, की मी मराठी शिकवतो, आणि मराठी भाषेने शेतकरी आणि खलाशी या दोघांच्याही हाती एकच शब्द दिला आहे. शेतकऱ्याचाही नांगर आणि तांडेलाचाही नांगरच. कोकणातल्या मुलाला सांगितले, ‘नांगर टाकला’, तर त्याच्या डोळ्यांपुढे बंदर उभे राहते. आमच्या वर्गातल्या मुलाला तेच सांगितले, तर तो विचारतो, ‘सर, कोणाच्या वावरात?’

शब्दांची कुळे पाहू गेल्यास हे दोन नांगर सख्खे भाऊ नाहीत. शेतातला नांगर संस्कृतातल्या ‘लाङ्गल’ शब्दापासून आला. बलरामाच्या खांद्यावर असतो तो हाच. जहाजाच्या नांगराचे नाते फारसी ‘लंगर’शी दिसते. हत्तीच्या पायात घालतात तोही लंगरच. दोन वेगळ्या गावांहून आलेले हे दोन पाहुणे मराठीच्या ओसरीवर एकाच नावाने ओळखले जाऊ लागले. पण गंमत अशी, की भाषेने जे सहज म्हणून जुळवले, ते पुढे एका शास्त्रज्ञाने हिशेब करून जुळवले. केंब्रिजचे जेफ्री इन्ग्राम टेलर हे द्रवपदार्थांच्या गतिशास्त्रातले विसाव्या शतकातले मोठे नाव. त्यांना शिडाच्या होडीचा नाद होता. १९३३ साली त्यांनी हलका पण घट्ट रुतणारा असा नवा नांगर तयार केला, आणि त्याचा आकार होता थेट शेतातल्या नांगराच्या फाळाचा! ओढ बसली की हा फाळ समुद्रतळाच्या मातीत तोंड खुपसतो आणि जसजसे ओढावे तसतसा खोल जातो. इंग्रजीत आजही त्या जातीच्या नांगराला शेतातल्या नांगराचेच नाव आहे. तेव्हा मुकुटबनच्या माणसाने या विषयात तोंड घातले, तर ते अगदीच परक्या वावरात आहे असे समजू नये.

आता मूळ मुद्दा. नांगर होडीला धरून ठेवतो असे आपण म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. नांगराचे पाते मातीत रुतून राहावे यासाठी त्याच्यावरची ओढ आडवी, जमिनीलगत असावी लागते. ओढ वरच्या बाजूला लागली की पाते उचकटते. आमच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. दोर आखूड आणि जू उंच असले की फाळ जमिनीत टिकत नाही, वर येतो, हे त्याचे हात जाणतात. समुद्रात ही आडवी ओढ साखळी देते. जड साखळीचा बराच भाग तळाशी आडवा पडून राहतो, आणि वारा सुटून होडी मागे रेटली गेली, तरी आधी साखळीची झोळ सरळ व्हावी लागते, मग नांगराचा नंबर. म्हणून साखळी भरपूर सोडावी लागते. खोलीच्या निदान पाचपट, हा सर्वसाधारण नियम आहे. समजा, ओहोटीला सहा मीटर पाणी आहे, भरतीला त्यात चार मीटरांची भर पडणार आहे, आणि होडीचे नाक पाण्याच्या वर दीड मीटर आहे. बेरीज साडेअकरा. पाचपट केली की झाले साडेसत्तावन्न. म्हणजे मध्यम आकाराच्या होडीलाही साठ मीटर साखळी बाळगणे भाग पडते. दहा मिलिमीटर जाडीच्या कड्यांची साखळी असेल, तर तिचे वजन मीटरला सव्वादोन किलो धरावे. साठ मीटरांचे झाले १३५ किलो. आमच्या गावच्या भाषेत सांगायचे तर सिमेंटची पावणेतीन पोती.

नांगर टाकलेला असतो तेव्हा ही साखळी पाण्यात असते आणि तिची चिंता नसते. खरा प्रश्न नांगर उचलल्यावर सुरू होतो. ही पावणेतीन पोती ठेवायची कुठे?

गेल्या शतकांत हा प्रश्न निराळ्या स्वरूपाचा होता. फार प्राचीन काळी नांगर दगडाचे असत. त्यांना भोके पाडून दोर ओवीत आणि लाकडी खुंट्या ठोकीत. असे दगडी नांगर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांना द्वारकेच्या समुद्रात सापडले आहेत, आपल्या सिंधुदुर्गाच्या परिसरातही सापडले आहेत. पुढे लोखंडी नांगर आले, तरी दोर तागाचा किंवा काथ्याचाच राहिला. मोठ्या जहाजांचा नांगराचा दोर माणसाच्या मांडीएवढा जाड असे. तो ओला, चिखलाने भरलेला दोर जहाजाच्या पोटात वेटोळी घालून ठेवायला खलाश्यांची पलटणच्या पलटण लागे. तिथे तो कुजे, त्याचा वास सुटे, आणि तळातल्या धारदार खडकावर घासून तो कधी तुटेल याचा नेम नसे. १८०८ साली सॅम्युअल ब्राऊन या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याने लोखंडी साखळीचे पेटंट घेतले, आणि त्यानंतरच्या काही दशकांत दोराची सद्दी संपली. साखळीचा एक मोठा गुण असा, की तिला वेटोळी घालावी लागत नाहीत. वरून सोडली की ती आपल्या वजनाने खाली पडते आणि आपली जागा आपण करून घेते.

आपली जागा आपण करून घेते, हे वाक्य ऐकायला गोड आहे. पण घरात असा एखादा पाहुणा येऊन गेला असेल, त्याला यातली मेख कळेल. साखळी वरच्या भोकातून एकाच जागी पडत राहते. पडता पडता तिचा सुळका होतो, धान्याच्या राशीसारखा. धान्याची रास घसरते, पसरते. साखळीचे दुवे एकमेकांत अडकत असल्यामुळे तिचा सुळका बराच उंच होतो आणि वरच्या भोकाला जाऊन टेकतो. मग उरलेली साखळी खाली जायला जागा नाही. रहाट फिरतोच आहे, साखळी येतेच आहे, आणि ती भोकाच्या तोंडाशीच चेंगरते. एका खलाश्याने खाली जाऊन हाताने तो सुळका मोडावा लागतो. चाकात आणि साखळीत बोटे सापडण्याचे प्रसंग येतात ते इथेच.

याहून वाईट प्रकार पुढे आहे. होडी समुद्रात निघाली, लाटांवर डोलू लागली, की तो सुळका आडवा होतो. जी कडी शेवटी आत आली ती खरे म्हणजे सर्वांत वर असायची, कारण पुढच्या वेळी पहिल्याने तीच बाहेर जायची. पण सुळका कोसळल्यावर खालची साखळी वर आणि वरची खाली गाडली जाते. बाहेरून काही दिसत नाही. झाकण लावलेले असते. कळते ते एखाद्या रात्री, अनोळखी खाडीच्या तोंडाशी, वारा किनाऱ्याच्या दिशेने वाहत असताना. तांडेल म्हणतो, ‘सोडा नांगर!’ दहा मीटर साखळी खडखडत जाते आणि एकदम थांबते. आत गुंता झालेला असतो. पाण्याची खोली तेवढीच असेल, तर नांगर तळाला टेकतो न टेकतो आणि होडी खडकाकडे सरकत असते. दिवसा बंदरात पाच मिनिटांत सुटणारा गुंता अशा वेळी जिवावर बेततो.

नांगर दगा देतो तेव्हा काय होते, हे मुंबईने फार जुन्या काळी नव्हे, १७ मे २०२१ रोजी पाहिले. तौक्ते चक्रीवादळात मुंबईपासून दूर, समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ उभ्या असलेल्या पी-३०५ या तराफ्याचे नांगर टिकले नाहीत. तराफा वाहत जाऊन तेलविहिरीच्या बांधकामावर आदळला आणि बुडाला. त्याच्यावर २६१ माणसे होती. आरमाराने पुष्कळांना वाचवले, तरी साठांहून अधिक जीव गेले. तो तराफा प्रचंड, ते वादळ प्रचंड; लहान होडीची त्याच्याशी तुलना नाही. पण पाण्यावरचा माणूस शेवटी एका लोखंडी दोरीच्या भरवशावर असतो, हे मोठ्या तराफ्यालाही चुकले नाही.

तेव्हा गुंता होऊ नये म्हणून काय करावे? ज्यांनी या प्रश्नावर डोके चालवले, त्यांचे उपाय ऐकले की वाटते, यात आमच्या आजीला नवे काहीच सांगितलेले नाही. पहिला उपाय असा, की साखळीची कोठडी रुंद आणि उथळ नको. अरुंद आणि खोल हवी. रुंद जागेत सुळक्याला आडवे व्हायला वाव मिळतो, अरुंद जागेत भिंती त्याला सावरतात. धान्य साठवायची कणगी उंच का असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे ठाऊक आहे. साठ मीटर साखळीला तेलाच्या चार-पाच डब्यांएवढीच जागा लागते, पण ती उभी लागते. दुसरा उपाय, साखळी जिथून आत पडते ते भोक आणि भरलेल्या राशीचा माथा यांत निदान हातभर अंतर हवे. तेवढी साखळी मोकळी लोंबत राहिली तरच तिच्या वजनाने मागची साखळी रहाटाच्या चाकावरून ओढली जाते. तिसरा उपाय, कोठडीच्या तळाशी मधोमध गुळगुळीत पृष्ठाचा उभा शंकू बसवणे. वरून पडणारी साखळी त्याच्यावरून घसरून सभोवार पसरते आणि सुळका बनतच नाही. कोठडीच्या भिंती गुळगुळीत ठेवल्या तरी यातले निम्मे काम होते.

चौथा उपाय ओलीचा. साखळी वर येते ती चिखल, शेवाळ आणि खारे पाणी घेऊन. तिला वर घेतानाच पाण्याच्या धारेने धुवावे. कोठडीच्या तळाला लाकडी फळ्यांची जाळी करून तिच्यावर साखळी टेकवावी, आणि खाली पाणी वाहून जाण्यासाठी भोके ठेवावीत. साखळीवर जस्ताचा मुलामा असतो. खाऱ्या चिखलात ती बुडून राहिली, तर मुलामा खालच्या टोकाकडून जातो आणि मग गंज धरतो. म्हणून जाणते लोक वर्षा-दोन वर्षांनी साखळी उलटी करतात. नांगराकडचे टोक आत घेतात, आतले टोक नांगराला लावतात, म्हणजे झीज सारखी वाटली जाते. लुगड्याचे काठ झिजले की ते मधोमध फाडून, कडा आत घेऊन पुन्हा दंड घालणाऱ्या आयाबायांना हा विचार सुचवायला कोणी इंजिनिअर लागला नव्हता.

पाचवा उपाय शेवटच्या टोकाचा. साखळीचे आतले टोक होडीला बांधलेले असलेच पाहिजे, नाहीतर सगळी साखळी रहाटावरून सुटून समुद्रार्पण व्हायची. आणि असे प्रकार झालेले आहेत. पण ते टोक लोखंडी कडीने पक्के जखडू नये. जाड दोराने बांधावे, आणि तो दोर एवढा लांब असावा, की सगळी साखळी बाहेर गेल्यावर तो कोठडीतून वर, हाताशी येईल. का? कधी कधी जीव वाचवायचा तर नांगर आणि साखळी सोडून देऊन पळावे लागते. दुसरे जहाज अंगावर येते, वारा फिरतो, नांगर खडकात अडकतो. अशा वेळी सुरीच्या एका घावात तो दोर कापता आला पाहिजे. इंग्रजीत या टोकाला ‘बिटर एंड’ म्हणतात. दोर ज्या खुंटांना बांधीत त्यांचे नाव ‘बिट’. कडूपणाशी त्याचा मुळात काही संबंध नाही. बांधून ठेवायचे, पण सोडण्याची सोय राखायची, ही गोष्ट तशी संसारालाही लागू आहे. पण दिवाळीच्या दिवसांत तो विषय नको.

इथवर झाला गुंत्याचा विचार. याहून सूक्ष्म विचार वजनाचा आहे. नांगर नाकाशी, म्हणून साखळीही नाकाशी, हे सोयीचे. पण होडीच्या दृष्टीने ते सर्वांत वाईट ठिकाण. याचे मर्म मला एका वयस्क शेतकऱ्याने चार शब्दांत सांगितले. मी त्यांना होडीचे चित्र काढून दाखवत होतो. ते म्हणाले, ‘सर, हे तं बंडीसारखंच झालं. सारं वझं मागं टाकलं तं बंडी उलार होते. सारं समोर टाकलं तं जू बैलाच्या मानेवर बसते. वझं कसं, आसावर पाह्यजे.’

‘काका, पण होडीला बैल नसतात,’ मी म्हटले.

‘बैल नसन,’ ते म्हणाले, ‘पन गोटा-खड्डा तं असनच ना?’

लाट म्हणजे समुद्रातला गोटा-खड्डाच. लाटेवर होडीचे नाक वर जाते, खाली येते. नाकाशी वजन असेल, तर ते वर जायला उशीर लावते आणि खाली येताना आणखी जोराने आपटते. यातला हिशेब असा, की वजन होडीच्या मध्यापासून जितके दूर, त्या अंतराच्या वर्गाच्या पटीत ते या डुलण्याला जड जाते. आपले १३५ किलो मध्यापासून सहा मीटरवर ठेवले, तर १३५ गुणिले ३६, म्हणजे ४८६०. तेच तीन मीटरवर आणले, तर १३५ गुणिले ९, म्हणजे १२१५. वजन तेवढेच, अंतर निम्मे, आणि त्रास एक चतुर्थांश! म्हणून चांगल्या होडीत साखळी नाकाशी उचलतात, पण तिथून एका नळीवाटे मागे घेतात आणि डोलकाठीच्या जवळ, तळाशी खोल कोठडीत सोडतात. नळीला पुरेसा उतार लागतो, नाहीतर साखळी तिच्यातच बसून राहते. आणि राहण्याच्या जागेतून नळी न्यावी लागते, त्यामुळे होडीच्या मालकिणीची संमतीही लागते. ज्यांना हे जमत नाही, ते लांबच्या प्रवासाला निघताना साखळीच काढून, पिशव्यांत भरून मध्यभागी तळाशी बांधून ठेवतात. महासागराच्या मधोमध नांगर टाकायला तळ कोणाला सापडणार आहे? मात्र किनारा जवळ आला, की दिवसाउजेडी ती पुन्हा जागेवर लावणे हे पहिले काम.

आणखी एक मार्ग म्हणजे वजनच कमी करणे. जास्त कणखर पोलादाची साखळी घेतली, तर आठ मिलिमीटरची कडीही जुन्या दहाच्या तोडीचे काम करते, आणि मीटरला सव्वादोन किलोऐवजी जेमतेम १.४ किलो भरते. साठ मीटरांत पन्नास किलो वाचले. सिमेंटचे एक पोते उतरले. काही जण पुढे तीस मीटर साखळी आणि मागे नायलॉनचा दोर जोडतात. दोर हलका, आणि ताणला जातो म्हणून धक्के सोसतो. पण तळाशी खडक वा पोवळी असतील तर तो घासून तुटतो. ज्याचा त्याने विचार करायचा.

हे सारे परदेशी शौकिनांचे चोचले आहेत, असे मात्र समजू नये. गोव्यात मांडवीच्या पात्रात दिवाडी बेट आहे. तिथे रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत ‘म्हादेई’ नावाची ५६ फुटी शिडाची होडी बांधली गेली आणि २००९ च्या फेब्रुवारीत आरमाराच्या हाती आली. त्याच वर्षी १९ ऑगस्टला कमांडर दिलीप दोंदे ती घेऊन मुंबईहून एकटे निघाले आणि १९ मे २०१० रोजी पृथ्वीला वळसा घालून परतले. वाटेत चारच ठिकाणी थांबले. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्याच होडीतून अभिलाष टोमी १ नोव्हेंबर २०१२ ला निघाले आणि कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ ला परत आले. त्याच गोदीत बांधलेल्या ‘तारिणी’तून लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली आरमारातल्या सहा स्त्रियांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात जग पालथे घातले. आणि २ ऑक्टोबर २०२४ ला दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच ‘तारिणी’ घेऊन निघाल्या, त्या २९ मे २०२५ ला गोव्याला परत आल्या. या साऱ्या उद्योगामागची मूळ कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. ते निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णी या खेड्यात राहात, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये निवर्तले. देशावरच्या खेड्यात बसून जगप्रदक्षिणेचा ध्यास घेता येतो, तर मुकुटबनात बसून साखळीचा विचार का करता येऊ नये?

दोघांनीच होडी न्यायची, किंवा एकट्याने न्यायची, म्हणजे कोठडीत उतरून सुळका मोडायला तिसरा माणूस नाही, हे लक्षात घ्या. आरमाराच्या मोठ्या जहाजावर जी गोष्ट चार खलाशी करतात, ती इथे कोठडीच्या आकाराने करायची असते. माणसे कमी असली की वस्तूंनाच शहाणे करून ठेवावे लागते.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. ती होडीची नाही, मोठ्या जहाजाची आहे. आणि जहाजाची असूनही ती आमच्या गावची आहे.

२३ सप्टेंबर २००७ रोजी इंग्लंडच्या पूर्वेला उत्तर समुद्रात ‘व्हायकिंग आयले’ नावाचे जहाज उभे होते. समुद्रात संकटकाळी मदतीला धावणे हेच त्याचे काम. त्याच्या नांगराची साखळी नळीत हलून खडखडत होती. ती बांधून टाकावी म्हणून दोन खलाशी साखळीच्या कोठडीत उतरायला गेले. आत गेले ते कोसळले. त्यांना काढायला तिसरा उतरला, तोही कोसळला. तिघेही गेले. कोठडीत विषारी वायू नव्हता, आग नव्हती, पाणी नव्हते. लोखंडाने काय केले होते, तर बंद जागेत गंजता गंजता हवेतला प्राणवायू खाऊन टाकला होता. गंज म्हणजे लोखंडाने सावकाश घेतलेला श्वासच. आणि त्या कोठडीत माणसाच्या वाटणीचे काही उरले नव्हते. शिडाच्या लहान होडीतली कोठडी उथळ आणि वरून उघडणारी असते, तिथे हे भय कमी. पण जहाजांवर हा धडा तीन जिवांच्या मोलाने मिळाला.

ही हकीगत वाचताना विहिरी डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहात नाहीत. गाळ काढायला एक जण उतरतो, हाक देत नाही. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग भावाला काढायला शेजारी. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत अशा बातम्या येतात. एप्रिल २०२४ मध्ये नगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावी, शेणाच्या गाळाने भरलेल्या जुन्या विहिरीत एक मांजर पडले. त्याला वाचवायला एक उतरला, त्याच्यामागून एकेक करीत पाच जण उतरले. पाच दगावले. जो एक वाचला, त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता.

आमच्याकडची जुनी माणसे विहिरीत उतरण्यापूर्वी आधी दिवा सोडीत. दिवा विझला, तर माणसाने उतरायचे नाही. ही रीत शहाणपणाची आहे. पण ती पुरेशी नाही, हेही सांगितले पाहिजे. प्राणवायू कमी असेल तर दिवा सांगतो. सडलेल्या गाळातून निघणारा विषारी वायू मात्र दिव्याला कळत नाही. दिवा जळत राहतो आणि माणूस पडतो. शेणाच्या खड्ड्यात तर ज्योत नेणेच वाईट, कारण तिथला वायू पेट घेतो. आज वायू मोजण्याची यंत्रे मिळतात, पंख्याने आत हवा सोडता येते. तेवढे होईपर्यंत कोणी उतरू नये. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवा, दोराचे दुसरे टोक वर दोन माणसांच्या हाती हवे, आणि आतला माणूस पडला तर वरच्यांनी त्याला ओढायचे. त्याच्यामागे उडी घ्यायची नाही. हा शेवटचा नियम पाळणे सर्वांत कठीण, कारण आत पडलेला माणूस आपलाच असतो.

दिवाळीपूर्वी आपण माळे झाडतो, फडताळे रिकामी करतो, कोठ्या धुतो. दारामागे, झाकणाखाली, जमिनीच्या पोटात ठेवलेल्या वस्तूंकडे वर्षातून एकदा लक्ष जाते ते याच दिवसांत. वाचकहो, तुमच्यापैकी शिडाच्या होडीचे मालक किती असतील याचा अंदाज मला आहे. पण पोहऱ्याचा दोर, विहिरीचा रहाट, पाण्याच्या टाकीचे झाकण, शेणखताचा खड्डा, यांतले काही ना काही प्रत्येकाच्या घरी आहे. दोर झिजला असेल तर या आठवड्यात बदलावा. बंद टाकीत किंवा विहिरीत कोणाला मजुरीवर उतरवणार असाल, तर पैसे ठरवण्याआधी त्याच्या कमरेच्या दोराचे ठरवावे. दोन माणसे जास्त लागतील, मजुरीही जास्त पडेल. ती आनंदाने द्यावी.